अजून एक कंपनी येऊन राहिली

माझी ताई शाळेत खो-खो शिकवायची. माझ्याहून बरीच मोठी. लग्न केलं नाही. वडील रेल्वेतून निवृत्त होऊन गोंदियाला परत गेले, आई त्यांच्यासोबत गेली, पण ताईने रायपूर सोडलं नाही. आमच्याच घरी पुढच्या खोलीत ती राहायची आणि पहाटे साऱ्या घराला उठवून मैदानावर जायची. छत्तीसगढ वेगळं राज्य झालं तेव्हा आमच्या ओळखीच्यांपैकी कुणाला सचिवालयाचं कौतुक, कुणाला जमिनीच्या भावाचं. ताईला एकच आनंद, की आता आपली स्वतःची टीम जाणार, भोपाळच्या पोरींच्या मागे राखीव म्हणून बसायचं काम नाही. भेटेल त्याला ती हेच सांगायची. पुढे तिच्या पोरी खरंच राज्याकडून खेळल्या.

मी सांगते ती गोष्ट त्यानंतर बऱ्याच वर्षांची, राज्य पंधराएक वर्षांचं झालं होतं तेव्हाची. ताईने शाळेत रक्तदान शिबिर ठेवलं आणि सवयीप्रमाणे सगळ्यांच्या आधी स्वतः आडवी झाली. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, की जरा येऊन भेटा. तिच्या रक्तात हिपॅटायटीस सी निघाला होता. म्हणजे यकृताला लागणारा एक विषाणू, जो वर्षानुवर्षं गुपचूप आत बसून राहतो आणि शेवटी यकृत वाळवून टाकतो. कॉलेजात असताना नागपूरला तिला स्कूटरचा अपघात झाला होता आणि रक्त चढवावं लागलं होतं. त्या काळी रक्ताची ही तपासणी होत नसे. तेव्हापासून तो तिच्याबरोबर धावत होता म्हणायचं.

मग एकेका गोष्टीचा अर्थ लागायला लागला. दोनेक वर्षांपासून ती दुपारी शाळेतून आली की चप्पल न काढता दिवाणावर पडायची. जेवणावरची वासना गेली होती. एकदा मी तिचा डबा द्यायला मैदानावर गेले, तर ती खांबाजवळ खुर्ची टाकून बसली होती आणि बसूनच शिट्टी वाजवत होती. माझ्या ताईला मैदानावर बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

डॉक्टर पोटाचे, तरुण, बिलासपूरकडचे. त्यांनी समजावून सांगितलं. जुना उपचार इंजेक्शनांचा. कित्येक महिने घ्यायची, प्रत्येक वेळी ताप आल्यासारखं अंग मोडणार, केस गळणार, मन खचणार, आणि एवढं करून गुण येईलच असं नाही. खर्च ऐकून मी खुर्चीचा हात घट्ट धरला. ताई मात्र शांत होती. तिने विचारलं, की या दिवसांत मैदानावर जाता येईल का. डॉक्टर म्हणाले, कठीण आहे. त्यावर ती म्हणाली, मग आधी दुसरं काही आहे का ते सांगा.

दुसरं होतं. परदेशात नुकतीच एक गोळी निघाली होती. रोज एक, काही महिने, आणि बहुतेकांच्या अंगातून विषाणू साफ. डॉक्टरांनी हे सांगताना त्यांचाच चेहरा खुलला होता. मी भाव विचारला. तिकडच्या भावाने एका गोळीत माझा दोन महिन्यांचा पगार जात होता. ताई हसायलाच लागली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "रोज सकाळी तुझे दोन महिने गिळून टाकू का मी?"

डॉक्टरांनी निघताना एक वाक्य म्हटलं होतं, त्यावर आम्ही दोघी टांगून राहिलो. ते म्हणाले होते, की आपल्या देशातल्या काही कंपन्यांना ही गोळी बनवायची परवानगी मिळाल्याचं ऐकतो आहे, थोडा धीर धरा.

आता माझ्या नोकरीचं सांगायला हवं, कारण ही गोष्ट एकट्या ताईची राहिली नाही. मी उरल्याला, शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत, एका रोलिंग मिलच्या ऑफिसात होते. लोखंडाच्या सळया निघायच्या, नव्या राजधानीच्या इमारतींत जायच्या. बाहेर ट्रकांची रांग, आत धूळ, टेबल पुसावं तर दहा मिनिटांत बोट उमटेल अशी. सरकारी विम्याची पगारमर्यादा ओलांडलेल्या कामगारांसाठी मिलने एक औषध-निधी काढला होता. दर महिन्याला प्रत्येकाच्या पगारातून थोडं कापायचं, तेवढंच मिलने घालायचं, आणि आजारपणाची बिलं त्यातून द्यायची. त्याचं सगळं काम माझ्याकडे. कामगारांची एक समिती होती आणि तिचे अध्यक्ष होते क्रेन चालवणारे एक वयस्कर गृहस्थ, इथलेच, छत्तीसगढी. त्यांना सगळे भैया म्हणत, मॅनेजरसुद्धा.

गंमत म्हणा की योग, ताईचं निघालं त्याच्या आदल्याच वर्षी मिलमध्ये आरोग्यतपासणी झाली होती आणि तिथेही काही जणांना हाच विषाणू सापडला होता. बहुतेक भनपुरीच्या एकाच वस्तीतले. तिथे एक सुईवाला डॉक्टर होता, कोणत्याही दुखण्याला इंजेक्शन देणारा, आणि सुई बदलायचं त्याच्या मनात येत नसे. तपासणीचा निकाल ज्याचा त्याला गुपचूप दिला होता, त्यामुळे नेमके कोण कोण ते मला ठाऊक नव्हतं. पण तिघांनी उघडपणे अर्ज केला, की निधीतून इंजेक्शनांचा उपचार द्या.

समितीने नाही म्हटलं. हिशेब सरळ होता. एकाचा उपचार केला तर वर्षभर बाकी कुणाचं बाळंतपण, कुणाचं हाड, कुणाचा दमा, काहीच भागलं नसतं. तेव्हा भैया म्हणाले होते, की एका घराची आग विझवायला साऱ्या पाऱ्याची, म्हणजे मोहल्ल्याची, विहीर उपसता येत नाही. बरोबरच होतं. पण ताईचं कळल्यावर ते वाक्य मला फार टोचायला लागलं. त्या तिघांना कॅन्टीनमध्ये पाहिलं की मी दुसऱ्या टेबलाकडे वळायची.

मार्चच्या सुमारास डॉक्टरांचा फोन आला. गोळी आली. आपल्याच देशात बनलेली, बाटली त्यांच्या टेबलावर होती. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून निघाले, ताई शाळेतून परस्पर आली. पांढरी प्लास्टिकची बाटली, महिन्याच्या गोळ्या. मी ती हातात घेऊन उगाच हलवून पाहिली. परदेशी भावाच्या तुलनेत ही किंमत म्हणजे काहीच नव्हती. तरीही पूर्ण उपचाराचे पैसे मोजले तर एक मोटारसायकल आणि वर एक स्कूटर. ताईनेच हे माप काढलं आणि पुढे तेच चाललं. रुपयांत आम्ही बोललोच नाही.

आमच्याजवळ थोडं होतं. माझे मिस्टर म्हणाले, घेऊन टाकू, सोनं आहे. मी निघालेच होते. पंडरीच्या कापडबाजारापलीकडे एका गल्लीत औषधांचे एक होलसेलवाले होते, मिलच्या दवाखान्याला तेच माल द्यायचे, म्हणून ओळख. सिंधी, बोलके. दुकानात उदबत्ती आणि कापूस-आयोडीनचा मिसळलेला वास. मी बाटलीचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "दीदी, आज मत लीजिए. अगले महीने एक और कंपनी आ रही है."

मला वाटलं, याच्याकडे माल नसेल. पण माल होता, आणि तेच त्यांचं दुखणं होतं. पहिल्या कंपनीच्या बाटल्या त्यांनी मोठ्या हौसेने भरल्या, आणि दुसरी कंपनी कमी भावात उतरणार अशी बातमी आली. आता गिऱ्हाइकाने आज घेतली तर उद्या तेच गिऱ्हाईक येऊन भांडणार. मिलचं काम हातचं जाऊ नये म्हणून त्यांनी मला खरं ते सांगून टाकलं.

डॉक्टरांना विचारलं, थांबता येईल का. ते म्हणाले, यकृत किती कडक झालंय त्यावर आहे. त्या तपासणीसाठी नागपूरला गेलो, सकाळच्या गाडीने. ताईने गाडीत डोंगरगडपासून गोंदियापर्यंत कधी नव्हे ती झोप काढली. निकाल मधला आला. बिघाड सुरू झाला आहे, पण काही महिने थांबलं तर घात होणार नाही. शिवाय डॉक्टर आणखी एका गोळीची वाट पाहत होते. ती दुसरी सोबत दिली तर आपल्याकडच्या विषाणूला अर्ध्या मुदतीत उपचार पुरतो, असं तिकडे दिसून आलं होतं, आणि तीही इथे बनायच्या बेतात होती.

मग सुरू झाले आमच्या आयुष्यातले सगळ्यांत मजेचे महिने. आजाराच्या घरात असं म्हणू नये, पण खरं तेच सांगते. दर पंधरा दिवसांनी मी ऑफिस सुटलं की पंडरीला उतरायची आणि भाव विचारून घरी यायची. ताई दारातच असायची. मी सांगायची, "अजून एक कंपनी येऊन राहिली." ती विचारायची, "आता काय भाव?" स्कूटर गळाली, नुसती मोटारसायकल राहिली. मग मोटारसायकल गेली, स्कूटर आली. मिस्टर पेपर बाजूला करून म्हणायचे, घ्या आता. ताई म्हणायची, "काहून घाई करता? पोट्ट्यांचा खेळ रंगून राहिला आहे, रंगू द्या." एरवी डावाच्या शेवटच्या मिनिटाला असतो तसा तिचा चेहरा असायचा. मला भीती वाटायची, रात्री तिच्या खोलीत डोकावून यायची. पण दिवसा तिच्या त्या उत्साहापुढे भीती टिकत नसे.

एके संध्याकाळी घराजवळच्या मेडिकलमध्ये गोंदियाला पाठवायच्या आईच्या गोळ्या घ्यायला गेले होते. काउंटरवर तीच पांढरी बाटली दिसली, नव्या कंपनीची. सहज किंमत पाहिली आणि थबकले. छापील किंमत जवळजवळ पहिल्या बाटलीएवढीच. दुकानदाराला विचारलं, कमी होईल का. तो ओळखीचा, म्हणाला, तुमच्यासाठी शेकडा दहा सोडतो. मोठ्या मनाने म्हणाला. आणि मला ठाऊक होतं, की पंडरीच्या गल्लीत हीच बाटली छापील किमतीच्या निम्म्याहूनही कमी भावात मिळते आहे.

दुसऱ्या दिवशी मी होलसेलवाल्यांना गाठलं आणि विचारलं, की एवढ्या कंपन्या येऊन भाव उतरला म्हणता, तो गेला कुठे? त्यांनी चहा मागवला आणि अगदी सरळ सांगितलं. कंपन्यांची चढाओढ चालते ती दुकानदारासाठी. जी कंपनी त्याला स्वस्तात देईल आणि वर किंमत चढी छापेल, तिचा माल तो आधी विकेल, कारण मधलं सगळं त्याचं. आजारी माणूस भाव करत नाही, घाबरलेला असतो. जो विचारतो त्याला भाव उतरतो, जो विचारत नाही त्याच्यासाठी छापील किंमत आहेच. हे सांगताना त्यांना लाज वाटली असं नाही, धंदा होता. पण मग म्हणाले, की तुमच्या निधीकडे बिल येईल तेही छापील किमतीचंच येईल, बघा.

मी तिथून निघाले ती बसमध्ये उभी राहूनच विचार करत घरी आले. निधी बिलं पाहून पैसे देतो. बिल छापील किमतीचं. म्हणजे ज्या तिघांना आम्ही नाही म्हटलं, त्यांना आज हो म्हटलं तरी पैसा जाणार तो दुकानदाराच्या गल्ल्यात आणि विहीर उपसलीच जाणार. पण निधीने स्वतः सगळ्यांसाठी मिळून एकदम औषध घेतलं तर? सगळ्या कंपन्यांच्या विक्रेत्यांना सांगितलं, की एवढ्या जणांचा पूर्ण उपचार हवा आहे, तुमचा सगळ्यांत कमी भाव बंद पाकिटात द्या, तर? रात्री जेवताना मी हे ताईला सांगितलं तेव्हा माझा घास हातातच राहिला होता. ती म्हणाली, "मग बसून काय राहिली? उद्या जाऊन सांग ना त्या समितीले."

समितीची बैठक कॅन्टीनच्या मागच्या खोलीत झाली. मॅनेजर, भैया, समितीचे लोक आणि मी. डॉक्टरांनाही मी विनंती केली होती, ते आपला दवाखाना सोडून उरल्याच्या धुळीत आले. मॅनेजरांची शंका एकच होती, आणि ती रास्त होती. एवढी स्वस्त झाली म्हणजे गोळीत काही कमी तर नाही ना? डॉक्टरांनी सांगितलं, की यातल्या बहुतेक कंपन्या मूळ कंपनीकडून परवाना घेऊन बनवतात, औषध तेच आहे, आणि ज्यांना त्यांनी उन्हाळ्यात उपचार सुरू केला होता त्यांच्यापैकी बहुतेकांच्या रक्तात आता विषाणू सापडत नाही. भाव का उतरला, तर बनवणारे वाढले म्हणून. एकाच्याच हातात होतं तोवर तो म्हणेल ती किंमत. ते हेही म्हणाले, की मी चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं नाव लिहीन, म्हणजे तुम्हाला कुणाचंही घेता येईल.

बराच वेळ चर्चा झाली. भैया हाताने टेबलावरची धूळ एका बाजूला सारत ऐकत होते. शेवटी सगळ्यांनी हात वर केले. मी कागद पुढे ओढला आणि उपचार कुणाकुणाला द्यायचा ती नावं लिहायला लागले. तिघांची लिहिली. तेव्हा भैया म्हणाले, "मैडम, मेरा भी लिख लो."

मला वाटलं, ठराव मांडणारा म्हणून नाव घाला म्हणताहेत. मी म्हटलं, लिहिलं आहे वर, अध्यक्ष म्हणून. ते म्हणाले, "उधर नहीं. इधर, बीमारों में."

तपासणीत त्यांचंही निघालं होतं. त्यांना ते तेव्हापासून ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असतानाच त्यांनी विहिरीचं वाक्य म्हटलं होतं. स्वतःचा अर्ज त्यांनी कधी केलाच नाही. घरी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही नकार का दिलात.

"तब एक का होता, बाकी का नहीं होता," ते म्हणाले. "अब तो सबका हो जाएगा ना?"

मी "हव" म्हटलं. मराठी 'हो' नाही, हिंदी 'हाँ' नाही, त्यांचाच होकार माझ्या तोंडातून गेला. आणि त्यांचं नाव लिहिलं, तिघांच्या वर. मग दाराशी उभं राहून ऐकणारा आणखी एक कामगार आत आला, जो आजवर गप्प होता, आणि त्याचंही लिहिलं.

पाकिटं उघडायचा दिवस मला एखाद्या लग्नासारखा आठवतो. भैयांचा हट्ट होता, की बंद खोलीत नको, कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर. पाळी सुटली होती, माणसं चहाचे ग्लास घेऊन उभी होती, घामाची आणि लोखंडाची. मी एकेक पाकीट फोडून भाव वाचत होते आणि मॅनेजर फळ्यावर लिहीत होते. पहिला भाव वाचला तेव्हाच कुणीतरी शिट्टी मारली, कारण तो मेडिकलच्या किमतीच्या निम्म्याने होता. दुसरा त्याहून कमी. तिसरा थोडा जास्त, त्यावर सगळे हसले. एक पाकीट आमच्या पंडरीवाल्यांचं होतं. त्यांनी मला आदल्या आठवड्यात सांगितलेल्या भावापेक्षाही ते खाली आले होते, आणि तेच सगळ्यांत कमी ठरले. मी टेबलावर कागदाच्या मागेच हिशेब केला. सगळ्यांचा पूर्ण उपचार, दोन्ही गोळ्यांसकट, कारण तोवर दुसरी गोळीही आली होती आणि मुदत तीनच महिन्यांवर उतरली होती. सगळ्यांचा मिळून खर्च एका माणसाच्या जुन्या इंजेक्शनांएवढाही होत नव्हता. मी पुन्हा एकदा करून पाहिला. मग मॅनेजरांच्या हातून खडू घेतला आणि निधीत मागे किती उरतं ते फळ्यावर मोठ्या आकड्यांत लिहिलं. बाळंतपणं, हाडं, दमा, सगळं त्यात बसत होतं.

ताई काही मिलची नव्हती, तिला निधीतून मिळणं शक्य नव्हतं. शाळेकडे विमा नव्हता. पण आम्हीच लिहून घेतलं होतं, की हा भाव डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या कुणालाही द्यायचा. ताई स्वतः गेली, मला सोबत घेऊन. होलसेलवाल्यांनी ठरलेला भाव सांगितला. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, की मी तुमच्यामुळे सहा महिने थांबले, आता आणखी काही सोडा. ते म्हणाले, दीदी, यात आता काही उरलं नाही. ती म्हणाली, मग राहू द्या, अजून एक कंपनी येतेच आहे. ते हात जोडून हसले, आणखी थोडे सोडले आणि वर एक कॅलेंडर दिलं. बाटल्यांची पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसल्यावर ताईने हिशेब केला, आणि मला म्हणाली, "फ्रिज. तोही लहान, एकाच दाराचा."

उपचाराचे ते तीन महिने आमच्या घरी आणि उरल्याला एकाच वेळी चालू होते. ताई दुपारच्या डब्यानंतर गोळ्या घ्यायची. तिच्या टीमच्या पोरी, मराठी घरातल्यासुद्धा, हिंदीतच बोलणाऱ्या, तिला घेरून उभ्या राहायच्या, "मैडम, गोली?" पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, थोडी मळमळ झाली. तिसऱ्या आठवड्यात तिने संध्याकाळी आपणहून मागून खाल्लं, भाकर आणि ठेचा. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. उरल्याला भैया रोज ऑफिसच्या खिडकीशी येऊन फक्त मान हलवायचे, म्हणजे घेतली. मीही मान हलवायची.

उपचार संपला, मग डॉक्टरांच्या नियमाप्रमाणे आणखी तीन महिने थांबून शेवटची तपासणी. ताईचा निकाल ऐकायला मी, मिस्टर, आणि वडील गोंदियाहून आलेले, असे सगळे त्या लहानशा खोलीत कोंबून बसलो. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि सांगितलं, विषाणू नाही. ताई म्हणाली, नीट सांगा, कमी आहे की नाही. "नहीं है," ते म्हणाले. "खत्म." तिने तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. मग उठून उभी राहिली, पुन्हा बसली, आणि त्या तरुण डॉक्टरच्या डोक्यावरून हात फिरवला. वडील एवढं म्हणाले, "चल, आता घरी जाऊन जेवू."

मिलमध्ये भैयांचं साफ निघालं. बाकीच्यांचंही, फक्त एकाचं परत आलं. सगळे पेढे वाटत असताना तो बिचारा कोपऱ्यात उभा होता. त्याला डॉक्टरांनी आणखी एक औषध जोडून दुप्पट मुदतीचा उपचार लिहून दिला. समितीपुढे तो विषय आला आणि पाच मिनिटांत मंजूर झाला, कुणी विहिरीचं नाव काढलं नाही. तोवर भाव अजून उतरलेला होता. दुसऱ्या खेपेला तोही बरा झाला.

या यशाने मी जरा चढूनही गेले होते. मला वाटलं, आता सगळ्याच औषधांचं असं करू, रक्तदाबाचं, साखरेचं. तिथे तर बनवणाऱ्या कंपन्या कधीच्याच ढिगाने होत्या. पण ते अर्धंच जमलं. बाहेरचे डॉक्टर कंपनीचंच नाव लिहायचे. आणि माणसांनाही स्वस्त गोळीचा भरवसा वाटेना. एक फिटर आमच्याकडून फुकटची गोळी घ्यायचा आणि बाहेरून आपल्या पैशाने जुनीच आणून खायचा, ते त्याच्या बायकोने सांगितलं. तरी दोन वर्षांत साखरेच्या गोळ्यांचा खर्च पुष्कळ खाली आला, रक्तदाबाचा फारसा नाही. कुणी मला विचारलं, की कंपन्या वाढल्या म्हणजे औषध स्वस्त होतं का, तर मी म्हणते होतं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, पण ते स्वस्त झालेलं कुणीतरी जाऊन मागावं लागतं.

निधीत पैसे उरले तेव्हा काय करायचं यावर समितीत वाद झाला. कुणी म्हणे वर्गणी कमी करा, कुणी म्हणे चष्मे द्या. भैयांनी सुचवलं, की घरच्यांची तपासणी करू, बायकांची, पोरांची, कारण त्या सुईवाल्याकडे सगळं घरच जायचं. तपासणी स्वस्तच होती. पूर्वी आम्ही ती केली नसती, कारण निघालं तर करणार काय? आता निघालं तर करता येत होतं.

एका रविवारी मिलच्या फाटकाजवळ मांडव घातला. भनपुरीहून दोन ट्रकमधून बायका-पोरं आली, नटूनथटून, मेळ्याला आल्यासारखी. ताई रांग लावायला आली होती, गर्दी आवरायची तिला सवय. भैयांच्या बायकोला मी पहिल्यांदाच पाहिलं, ठेंगणी, हसरी, लाल लुगड्यातली. सुई पाहून तिने हात मागे घेतला. भैया जवळ जाऊन समजावू लागले, सुई नवी आहे, पाकीट तुझ्यासमोर फोडलं आहे. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि आमच्या सगळ्यांदेखत म्हणाली, की एवढी वर्षं मनात ठेवून हिंडलात, आता मला शिकवता होय? सारी रांग हसली. भैयाही हसले. मग तिने पदर खांद्यावर सारला आणि बांगड्या वर सरकवून हात पुढे केला.